माणसाला माणूस

माझं खरं शिक्षण उभ्यानं झालं आणि माझ्या चुलतभावाचं, अशोकचं, बसून. दहावीपर्यंत आम्ही एकाच बाकावर होतो, एकाच मास्तरांचा मार खाल्लेला. पुढं तो तळेगावला कॉलेजात गेला आणि मी लोणावळ्याच्या तंत्रशाळेत फिटरचं काम शिकायला. अजूनही कुणाच्या लग्नात भेटलो की तो आधी खुर्ची शोधतो आणि मी टेकायला खांब. दोघांचंही चांगलं झालं. तो हेडमास्तर होऊन घरी बसला, मी कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढून घरी बसलो. आता दुपारी आम्ही एकाच ओट्यावर एकमेकांच्या औषधांची चौकशी करत असतो. त्यानं वाचलेली पुस्तकं त्यानं मला तोंडी सांगितली, आणि त्याच्या घरातल्या एकाही नळाला मी प्लंबरला हात लावू दिलेला नाही. म्हणजे कोण पुढं गेला, कोण मागं राहिला, हा हिशोब आम्ही कधी मांडला नाही. तो लोकांनी मांडला.

लोक अजून मांडतात. माझी नात गौरी आता बी.व्होक. करते आहे. आठवड्यातले काही दिवस वर्गात, बाकीचे चाकणच्या एका कारखान्यात, पायात जाडजूड बूट घालून. परवा सत्यनारायणाला आलेल्या एका बाईंनी प्रसादाचा द्रोण हातात धरूनच तिला विचारलं, ‘‘का गं, मार्क कमी पडले का?’’ गौरी हसली. मला हसू आलं नाही. मी त्या बाईंना म्हणालो की मार्क भरपूर होते, तिला हात वापरायचे होते. माझा आवाज जरा चढला असावा, कारण सूनबाई आतून पाणी घेऊन आली. पण त्या प्रश्नानं मला जे आठवलं ते इथं लिहून ठेवतो. कारण हाच प्रश्न माझ्या वेळीही गावानं विचारला होता, आणि माझ्या घरानं त्याला जे उत्तर दिलं ते मी अजून विसरलेलो नाही.

आमचं घर वडिवळ्यात. पुढं ओटी, मग माजघर, आणि त्याला लागूनच गोठा. मधे कुडाची भिंत होती, पण ती नावालाच. राजा आणि पाखऱ्या ही आमची बैलजोडी आमच्याच घरात राहायची असं म्हटलं तरी चालेल. सकाळी जाग यायची ती पाखऱ्याच्या गळ्यातल्या घुंगरांनी आणि आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं. आई तांदळाची भाकरी थापायची तेव्हा परातीत हात आधी भराभर पडायचे, मग हळू, मग एकदम थांबायचे, की समजायचं भाकरी तव्यावर गेली. पावसाळ्यात चुलीतला धूर वर जायचा नाही, घरभर फिरायचा, आणि त्या धुरात खेकड्याच्या कालवणाचा वास मिसळला की मला घर सोडून कुठंही जाऊ नये असं वाटायचं. खेकडे ओढ्यावरून मीच धरून आणायचो. आई त्यांच्या नांग्या पाट्यावर वाटून, फडक्यातून गाळून त्या पाण्याचं कालवण करायची. तसं कालवण पुन्हा मिळालं नाही. बायकोनं पुष्कळ प्रयत्न केला, आणि तिच्या समोर मी कायम ‘अगदी तसंच झालंय’ म्हणालो.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊ कमी बोलायचे, आणि बोलायचे ते बहुतेक बैलांशी. मी दहावीत असताना बांधावरून घसरून त्यांचा गुडघा जायबंदी झाला. सपाटीवर ते ठीक चालायचे, तासन्‌तास उभेही राहायचे, पण चिखलात पाय रुतला आणि तो उपसायला गेले की गुडघा निखळल्यासारखा व्हायचा आणि माणूस जागेवरच बसायचा. भाताच्या मुलखात चिखलात न उतरता येणारा शेतकरी म्हणजे काय, हे मावळच्या माणसाला सांगावं लागत नाही. लावणीआधी पाणी भरलेल्या खाचरात चिखल कालवायचं, म्हणजे चिखलणीचं, औत त्या वर्षीपासून माझ्याकडं आलं.

लावणी कुणाला एकट्यानं उरकत नाही, म्हणून आमच्या आळीत सावड होती. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुमच्या खाचरात लावायचं, उद्या सगळ्यांनी माझ्या. ज्याचं खाचर त्याच्या घरचं जेवण. प्रत्येक घरातून ठरलेली माणसं यायला हवीत. आमच्या घरातून आई रोप लावायला आणि मी बैलजोडीसह चिखलणीला. कुणी आजारी पडलं तर त्याच्या जागी घरातलं दुसरं कुणी यायचं, मुलगा नसला तर सून, सून नसली तर पाहुणी आलेली नणंद. ‘माणसाला माणूस’ एवढाच नियम. मात्र माणूस आलंच नाही तर सावड मोडली. सावड मोडणाऱ्या घराला पुढच्या वर्षी कुणी हाक मारायचं नाही, आणि मग त्या घरानं रोपं वाळताना बघत बसायचं. कुणाचं खाचर कधी, हे ठरवायची धोंडामावशी. ती आळीतली सगळ्यात म्हातारी बाई, तोंडानं फटकळ, आणि पावसात पानांच्या इरल्याखाली वाकली की तरण्या पोरींना मागं टाकणारी.

भाऊंना मी अशोकसारखंच कॉलेजात जावं असं वाटत होतं, ते याच सावडीपायी. मोठेपणासाठी नाही. कॉलेजाचं त्यांनी नीट बघून ठेवलं होतं. अशोक लावणीत सरळ घरी राहायचा, आमच्याबरोबर चिखलात असायचा, आणि नंतर कुणाच्या तरी वह्या आणून उतरवून घ्यायचा. परीक्षेला पास. ‘‘ते शिक्षान बरं,’’ भाऊ म्हणायचे, ‘‘शेताला धक्का लागत न्हाई. तुजं ते लोखांड रोज बोलावतंय.’’ त्यांचं चूक नव्हतं. आणि अशोकही काही टिवल्याबावल्या करत नव्हता. बैलांना पाणी दाखवता दाखवता तो मला इतिहासातल्या लढाया सांगायचा, अशा की मी वैरण टाकायची विसरायचो. त्याचं शिक्षण कुठूनही, कधीही आत जाऊ शकत होतं. माझं एकाच दारानं आत जायचं.

ते दार म्हणजे लोणावळ्याची तंत्रशाळेची शेड. पावसाळ्यात धुकं थेट आत यायचं, म्हणून भर दुपारी दिवे लागलेले. लांबलचक बाकावर ओळीनं लोखंडी पकडी, म्हणजे काम आवळून धरायचे शिकंजे, प्रत्येक पकडीमागं एक पोरगा. पहिले काही महिने आम्हाला एकच काम होतं. लोखंडाचा ठोकळा पकडीत आवळायचा आणि कानशीनं घासून सपाट करायचा. बस. सगळ्या शेडमधून एकच खर्र खर्र आवाज, त्यात कौलांवरचा पाऊस. वास तेलाचा आणि तापलेल्या लोखंडाचा. आमचे मुलाणी सर मूळचे पवनेकडचे, सडपातळ, कानावर कायम पेन्सिल. ते ठोकळा उचलायचे, त्यावर काटकोन बघायचा गुण्या टेकवायचे आणि दोन्ही डोळ्यांसमोर उजेडाकडं धरायचे. गुण्या आणि लोखंड यांच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली की ठोकळा परत. माझा ठोकळा किती वेळा परत आला ते मला सांगवत नाही. पण एक दिवस कानस हातात हलकी झाली. ती कुठं खाते, कुठं नुसती सरकते, ते तळव्याला कळायला लागलं. तो आनंद कसा सांगू? सायकल पहिल्यांदा आपोआप तोल धरते, तसं काहीसं.

आणि नेमकी तेव्हाच लावणी आली.

आमच्या स्वतःच्या खाचरांच्या वेळी मी घरी राहिलो, सरांनी रागावून सोडून दिलं. मग अशोकच्या घरच्या खाचरांना राहिलो. तेव्हा सरांनी मला बाकावरून बाजूला घेतलं. ते ओरडले नाहीत, त्यामुळं मी जास्त घाबरलो. म्हणाले, ‘‘विष्णू, तुझ्या हाताला आत्ता वळण लागतंय. आत्ता सोडलंस तर मोडलं. आणि दारात जागेची वाट बघणारी पोरं आहेत. आता एकदा जरी गैरहजर राहिलास तर तुझी पकड मला दुसऱ्याला द्यावी लागेल. माझ्याही हातात नाही ते.’’

दुसऱ्या दिवशी धोंडामावशीच्या खाचरांची पाळी होती. तिच्या घरचं कुणी औत धरणारं नव्हतं, सगळी मदार आमच्या जोडीवर. मी संध्याकाळी घरी येऊन सरांचं बोलणं सांगितलं. आई चुलीपुढं होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, भाऊंकडं पाहिलं, आणि भाकरी उलटली. मला वाटलं, संपलं. सावड मोडायची हे कुणाच्या मनातही येणं शक्य नव्हतं, माझ्याही नाही. सकाळी बैल सोडले आणि मावशीच्या खाचरात उतरलो. दिवसभर बैलांच्या शेपट्या दिसत होत्या आणि मला नुसती माझी रिकामी पकड दिसत होती. अशोकनं बांधावरून दोनदा विचारलं, ‘‘काय झालंय रं तुला?’’ मी पावसाचं निमित्त सांगितलं. पाऊस होताच, त्यामुळं डोळ्यांचं कुणाला कळलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर भाऊ ओटीवर बसलेले. अंगात धुतलेली पैरण, डोक्याला टोपी, म्हणजे ते कुठंतरी जाऊन आले होते. आणि हात काळे. कोपरापर्यंत काळे, अंगठ्याच्या बेचक्यात फोड आलेले. आई बाजूला गरम पाणी घेऊन बसली होती आणि हसावं का रडावं अशा तोंडानं त्यांचे हात धूत होती.

‘‘कुटं गेलता भाऊ?’’ मी विचारलं.

‘‘तुज्या साळंत,’’ भाऊ म्हणाले. ‘‘तुज्या जागी.’’

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक. पुढं मुलाणी सरांनी त्यांची बाजू सांगितली, ती जोडून मी इथं लिहितो. भाऊ सकाळी कामशेतला जातो सांगून निघाले, स्टेशनवर लोणावळ्याची गाडी धरली, विचारत विचारत शेडमध्ये आले आणि सरांपुढं जाऊन उभे राहिले. म्हणाले, ‘‘मी विष्णूचा बाप. त्यो लावणीला गेलाय, म्हनून मी आलोय त्येच्या जागी. त्येची जागा कुनाला देऊ नगा. काय करायचं तेवडं सांगा.’’

शेडमधली पोरं हसली. सरांनी त्यांना डोळ्यांनीच गप्प केलं. म्हणाले, ‘‘बाबा, इथं बदली माणूस चालत नाही.’’

‘‘का न्हाई चालत? आमच्यात माणसाला माणूस चालतं. मी काय बसून ऱ्हानार न्हाई. दिसभर काम करतो.’’

सर सावडीच्या मुलखातलेच. दुसरा कुणी असता तर त्यानं भाऊंना दारातूनच परत पाठवलं असतं. या माणसानं त्यांना माझ्या पकडीपाशी नेलं, ठोकळा आवळून दिला आणि कानस हातात दिली. भाऊंनी दिवसभर घासलं. पैरणीच्या बाह्या वर करून, पोरांच्या ओळीत, टोपी न काढता. जेवणाच्या सुट्टीतही थांबले नाहीत, मग सरांनी त्यांना हाताला धरून आपल्या डब्यापाशी बसवलं. संध्याकाळी ठोकळा पकडीतून काढला तेव्हा तो मधे फुगलेला आणि कडांना उतरता झाला होता, अगदी मोदकाच्या पोटासारखा. सरांनी त्यावर गुण्या ठेवला आणि तो भाऊंच्या डोळ्यांपुढं उजेडाकडं धरला. दोन्ही अंगांनी लख्ख उजेड.

‘‘हा उजेड दिसायचा बंद होईपर्यंत घासायचं असतं, बाबा,’’ सर म्हणाले. ‘‘तुम्ही मेहनत केलीत. पण आज जे काही शिकणं झालं ते तुमच्या हातात गेलं. विष्णूच्या हातात काय गेलं?’’

सर म्हणाले, आजचा दिवस मी सांभाळून घेतो, उद्या मात्र पोरगाच पाहिजे.

हे सगळं सांगून झाल्यावर भाऊंनी आपले हात उलटेपालटे करून पाहिले. मग म्हणाले, ‘‘गाडीत सगळ्या वाटंनं त्येच ध्येनात घोळत हुतं. मला वाटलं, काम हाय, कुनीबी केलं तरी हुतंय. तसं न्हाई ते. तुजं जेवान मी जेवलो तर तुजं प्वाट भरंल व्हय?’’ आणि मग, जणू बैलालाच सांगतायत अशा बारीक आवाजात, ‘‘उद्या तू जा.’’

‘‘आणि मावशीचं ऱ्हायलेलं खाचार? औत कोन धरंल?’’

भाऊंनी गुडघ्यावर हात ठेवला. ते म्हणाले असते मी धरतो, आणि धरलंही असतं, आणि चिखलात बसले असते. पण आई मधेच उठली, काळं झालेलं पाणी अंगणात ओतलं आणि म्हणाली, ‘‘मी धरते.’’

आता हे वाचताना कुणाला त्यात विशेष वाटणार नाही. आमच्याकडं तेव्हा बाई रोपं लावायची, खुरपायची, कापायची, झोडायची, वाहायची, पण औताला हात लावायची नाही. बाईनं औत धरलं की पाऊस गाव सोडून जातो, असं सगळे मानायचे. आईही मानायची. म्हणूनच तिला ते दोन शब्द किती जड गेले असतील, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त भीती वाटली.

सकाळी खाचरावर सगळी सावड जमली होती. मी डबा घेऊन, स्वच्छ कपडे घालून वरच्या वाटेवर, आणि आई खाली, लुगड्याचा काचा मारून, राजा आणि पाखऱ्याच्या मागं. तिच्या जागी भाऊ कडेच्या कोरड्या तुकड्यात बसून रोपांच्या मुठी बांधत होते, म्हणजे आमच्या घरातली ठरलेली माणसं भरावीत. कोंडिबा नावाचे आळीतले एक म्हातारे होते, त्यांनी लगेच आवाज चढवला. ‘‘ह्ये काय चाललंय? बाई औताला? पाऊस पळून जाईल, समद्यांची रोपं मरतील!’’ आईचा हात औताच्या मुठीवर होता, तो तिनं काढला नाही, पण मान खाली गेली. सगळे धोंडामावशीकडं बघायला लागले. खाचर तिचं, रोपं तिची, नुकसान झालं तर पहिलं तिचं.

धोंडामावशीनं इरल्यातून डोकं बाहेर काढून आभाळाकडं पाहिलं. पाऊस नुसता ओतत होता. ‘‘पळतोय तर पळू दे की मेला,’’ ती म्हणाली. ‘‘लुगडं वाळंना झालंय माजं. कोंडिबा, सावडीला त्या घरातनं माणूस आलंय का न्हाई? आलंय. मग बाई का बाप्या, ते कुटं ठरलंय? हान गं बाई तू.’’

बायका हसल्या, आणि हसण्यात कोंडिबांचा आवाज बुडाला. अशोकनं वर बघून मला हातानं खूण केली, जा. पण मला जाववेना, कारण बैल हलत नव्हते. आईनं काठी उचलली, हाक मारली, पुन्हा मारली. राजानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्या जोडीला माझ्या हाकेची सवय. मी चिखलणीला एक लांब हेल काढायचो, घशातून, शेवटी तुटणारा. त्याशिवाय ती दोघं पाऊल टाकायची नाहीत. हातातला डबा खाली ठेवून मी बांध उतरायला लागलो. तेवढ्यात आई ओरडली, ‘‘खाली यायचं न्हाई! गाडी चुकंल!’’ तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मी थांबलो.

तिनं एकदा तोंडावरून पाणी निपटलं. मग मान वर करून तिनं हाक दिली. तिची नाही, माझी. ‘‘हाऽऽ रं माज्या राजाऽऽ,’’ तोच हेल, तेवढाच लांब, शेवटी तसाच तुटलेला. औत माझ्याकडं आल्यापासून, कधी रोप लावता लावता, कधी चुलीपाशी, ती मला ऐकत आली होती, आणि ते तिच्या गळ्यात बसलं होतं, हे मला तेव्हा कळलं. बैलांनी माना खाली घातल्या आणि औत हललं. चिखल दोन्ही बाजूंनी उसळला आणि आई त्यात मांडीपर्यंत रुतत, पाय उपसत, त्यांच्या मागं चालायला लागली.

मी डबा उचलला आणि कामशेतच्या वाटेला पळत सुटलो. ओढ्यापर्यंत मला माझीच हाक ऐकू येत होती.